रावी कोण? : १९४८चे हैदराबाद, अफवा आणि आपले लेखन

हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकेच महत्त्व रावीला आहे. बातमी सांगणारा कोण, त्याने ती कोणाकडून ऐकली, तो स्वतः तेथे हजर होता काय, त्याची स्मृती भरवशाची होती काय, ही साखळी तपासल्याशिवाय आपल्या विद्वानांनी कोणतीही रिवायत ग्राह्य मानली नाही. तपासणीची एवढी कडक शिस्त आपल्या घरातच असताना १९४८च्या हैदराबादविषयी लिहिताना आणि वाचताना आपण तिचा वापर का करत नाही, असा प्रश्न आम्हाला पडतो. या विषयावरचे मराठी लेखन एका फौजेच्या भीतीतून आणि उर्दू लेखन दुसऱ्या फौजेच्या भीतीतून जन्माला आले आहे. दोन्हीकडे ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या शेजारी बसते, आणि वाचकाला दोन्हींतला फरक कळत नाही.

सोलापूरकरांनी हा प्रश्न विचारणे साहजिक आहे. १९४८ साली सोलापूर मुंबई इलाख्यात होते आणि पूर्वेला थोडे पुढे गेले की निजामाची हद्द लागत असे. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखालची फौज याच शहराकडून नळदुर्गच्या दिशेने निघाली. १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. लढाई पाच दिवसांची, पण तिच्या आधीचे वर्षभर हा सगळा सीमाभाग बातम्यांवर आणि वावड्यांवर जगत होता. येथे ‘परकी फौज’ या शब्दाचा अर्थ हद्दीगणिक बदलत होता. अलीकडच्याला रझाकार परके, तर पलीकडच्या अनेकांना हिंदी फौज परकी. निजाम सरकारने तर ऑगस्ट १९४८मध्ये आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले. म्हणजे आपण स्वतंत्र देश आहोत असाच त्यांचा दावा होता.

एकाच घटनेची नावेही पाहावीत. सरकारी कागदावर ‘पोलीस कारवाई’, मराठी ग्रंथांत ‘मुक्तिसंग्राम’, उर्दूत ‘सुकूत-ए-हैदराबाद’. लष्कराने तिला ‘ऑपरेशन पोलो’ म्हटले. रणगाडे घेऊन केलेल्या चढाईला पोलिसी म्हणणे जसे सोयीचे, तसेच रयतेच्या लढ्याचे नाव न घेता केवळ ‘पाडाव’ म्हणणेही सोयीचे. नाव ठेवणारा कोठे उभा होता, हे त्या नावातूनच कळते.

आता मराठी लेखनाकडे वळू. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा लढ्यात उतरलेल्या माणसाने लिहिलेला ग्रंथ आहे आणि त्याचे मोल आम्ही मानतो. आमची तक्रार त्यानंतर वाढलेल्या स्मरणिका, गौरव अंक आणि वर्धापनदिनाच्या लेखांविषयी आहे. रझाकारांचे अत्याचार ही अफवा नव्हती, हे प्रथम स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मे १९४८मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात कत्तल झाली. त्याच महिन्यात गुलबर्ग्याजवळच्या गाणगापूर स्टेशनावर रेल्वेगाडीवर हल्ला झाला. याविषयी ज्याला हळहळ वाटत नाही त्याने या विषयावर लिहू नये. पण याच लेखांत मजलिसचे स्वयंसेवक असलेले रझाकार, निजामाचे पगारी सैन्य, पोलीस, रोहिले, अरब आणि गावातला सामान्य मुसलमान एकाच शब्दात कोंबले जातात. ‘ते आले’ एवढेच वाक्य उरते. ‘ते’ म्हणजे नेमके कोण, हे लेखक सांगत नाही. शोएबुल्लाह खान या उर्दू संपादकाला याच रझाकारांनी ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ठार मारले, कारण ‘इमरोज’ या आपल्या पत्रातून तो विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. तो या ‘ते’मध्ये कोठे बसतो?

कासिम रझवी यांनी दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा केली. रझाकार दोन लाख आहेत, असेही त्या काळी सांगितले जाई. बढाईखोराचा आकडा घाबरलेल्या माणसाने खरा मानला, हे समजू शकते. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लिहिणाऱ्याने तोच आकडा सांगणाऱ्याचे नाव गाळून छापावा, याला टीकेच्या भाषेत आळस म्हणतात.

उर्दूची बाजूही तपासू, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. इब्राहीम जलीस यांचे ‘दो मुल्क एक कहानी’ हे रिपोर्ताज आणि जीलानी बानो यांची ‘ऐवान-ए-ग़ज़ल’ ही कादंबरी यांनी या काळाला उर्दूत रूप दिले. साहित्य म्हणून त्यांची उंची मोठी आहे. पण घराघरातून आणि मैफलींतून चालत आलेल्या उर्दू कथनात वेगळाच प्रकार घडला. पराभव पचेना, तेव्हा गद्दारीची गोष्ट रचली गेली. पंतप्रधान मीर लायक अली यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात सेनापती अल इद्रूस यांच्यावर बोट ठेवले. पुढे अल इद्रूस यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि त्यांची बाजूही समोर आली. तरीही कहाणी सांगणाऱ्याला ‘सेनापती फितूर झाला’ एवढेच हवे असते. आपले सैन्य लहान होते, शस्त्रे अपुरी होती आणि बहुसंख्य रयत आपल्याबरोबर नव्हती, हे कबूल करण्यापेक्षा एक फितूर सापडणे सोपे जाते.

अफवा म्हणजे नुसते खोटे, असेही समजू नये. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे आणत होता, ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. विमाने येतात एवढे कळल्यावर ती बॉम्बही टाकतील, असे हद्दीवरच्या माणसाने मनात जोडले तर नवल नाही. खऱ्याच्या एका धाग्यावर भीती पुढचे कापड विणते. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक पहिल्या महायुद्धात स्वतः सैनिक होता. युद्धातल्या खोट्या बातम्यांवर त्याने १९२१ साली निबंध लिहिला. अफवा रुजते ती समाजाच्या मनात आधीच तयार असलेल्या जमिनीत, असे त्याचे प्रतिपादन आहे. १९१४मध्ये बेल्जियमात शिरलेल्या जर्मन शिपायांना प्रत्येक खिडकीआड बंदूकधारी नागरिक दिसत होता, आणि त्या भासापायी त्यांनी निरपराधांना गोळ्या घातल्या. अफवा कोणी उठवली यापेक्षा ती ऐकून कोणी काय केले, हा प्रश्न म्हणूनच मोठा ठरतो.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचे लेखन आमच्या मते या विषयातला उत्तम नमुना आहे, आणि ते साहित्यिकांचे नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या पथकाने १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. तो पुढे कित्येक दशके दडपून राहिला. ए. जी. नूरानी यांच्या २०१३च्या पुस्तकात तो छापला गेला. कारवाईत आणि तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. आकडा हादरवणारा आहे, पण आमचे लक्ष अहवालाच्या रीतीकडे आहे. रझाकारांचे जुलूम तो झाकत नाही. फौज, पोलीस, हद्दीपलीकडून आलेल्या सशस्त्र टोळ्या आणि गावातले लुटारू यांना तो एका शब्दात कोंबत नाही. सैनिकांनी कोठे लुटीत भाग घेतला हे सांगतो आणि सैन्याने कोठे माणसे वाचवली तेही सांगतो. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवल्याची नोंदही त्यात आहे. मागांच्या या शहरात ती ओळ शाळेच्या भिंतीवर लिहावी अशी आहे. पण आमच्या पाहण्यात ती ना मराठी गौरव अंकात आली, ना उर्दू मर्सियात.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. वर्गातल्या काही मुलांची घराणी तुळजापूर, नळदुर्गकडून आलेली आहेत. पाठ्यपुस्तकात विलीनीकरणाचा धडा आला की मुले घरून ऐकलेले सांगतात आणि ते पुस्तकाशी जुळत नाही. अशा वेळी ‘पुस्तक खरे’ म्हटले तर आजी खोटी ठरते, आणि ‘आजी खरी’ म्हटले तर पुस्तक. आम्ही त्यांना रावीचा प्रश्न शिकवतो : आजीने हे पाहिले की ऐकले? पाहिले असेल तर कोठून? ऐकले असेल तर कोणाकडून? मुले घरी जाऊन विचारतात आणि बहुतेक वेळा गोष्ट लहान होऊन परत येते. लहान झालेली ती गोष्ट मात्र कोणी खोडू शकत नाही.

मुस्लिम मराठी लेखकाला दोन्ही दफ्तरे वाचता येतात, हे त्याचे भाग्य आहे आणि जबाबदारीही. ‘रझाकार’ हा शब्द आजही निवडणुकीच्या सभेत शिवीसारखा फेकला जातो. २०२४ साली त्याच नावाचा चित्रपटही येऊन गेला. ज्यांचे पूर्वज निजामाची प्रजाच नव्हते, त्या सोलापूरच्या मुसलमानालाही तो शब्द लागतो. ज्या शहराच्या कुर्बान हुसेन यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर फाशी दिली, त्या शहरात हे घडते. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची अफवा अशी वारसाहक्काने चालत येते. तिला उलट अफवेने उत्तर देऊ नये. गोरट्याचे मृत आणि लातूरचे मृत एकाच पानावर, नावगावासह, कोणी मारले हे तपासून लिहावेत. हे काम कोणीतरी मराठीत करायलाच हवे, आणि ते आपल्यापैकी कोणी केले तर त्याची साखळी कोणाला तोडता येणार नाही.