यजमानाने लिहिलेले प्रवासवर्णन

प्रवासवर्णन सामान्यतः पाहुण्याच्या लेखणीतून उतरते. मराठीतही ‘अपूर्वाई’पासून आजच्या सहलवृत्तांतांपर्यंत बोलतो तो पाहुणाच, यजमान भूमी पाहिली जाते, ती पाहत नाही. जमैका किंकेड यांच्या ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) या ऐंशीएक पृष्ठांच्या पुस्तकात हा संबंध उलटा झाला आहे. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा हे सुमारे २८० चौरस किलोमीटरांचे बेट, म्हणजे लेखिकेची जन्मभूमी, विमानातून उतरणाऱ्या पर्यटकास येथे न्याहाळीत आहे.

या पुस्तकावर आक्रस्ताळेपणाचा आक्षेप वारंवार घेतला गेला. तो वरवरच्या वाचनातून आलेला आहे. पर्यटकाची टॅक्सी नवी जपानी असते, पण तिला न मानवणारे पेट्रोल घातल्यामुळे ती घरघरत असते. समोरचा समुद्र मनोहर असतो, पण बेटावर सांडपाण्याची धड व्यवस्था नसते. लेखिका हे तपशील केवळ मांडून ठेवते. दुसऱ्या भागातील मिल रीफ क्लबचा उल्लेख या दृष्टीने विशेष पाहण्याजोगा आहे. उत्तर अमेरिकेतील धनिकांच्या या क्लबात अँटिग्वन माणसास प्रवेश असे तो नोकर म्हणून. तेथे सँडविच खाणारा पहिला अँटिग्वन कोण, गोल्फच्या मैदानावर खेळणारा पहिला कोण, आणि हे कोणत्या दिवशी घडले, ते लोकांना मुखोद्गत असल्याचे लेखिका नमूद करते. राष्ट्रीय इतिहासातील तिथींसारख्या या तिथी पाठ व्हाव्यात, यापेक्षा अधिक कठोर टीका कोणत्या विशेषणाने साधली असती?

तिसऱ्या भागात मात्र मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराची जंत्री लांबते आणि गद्य पत्रकाच्या पातळीवर येते. त्यातून ग्रंथालयाचा दृष्टांत तेवढा तरतो. १९७४ च्या भूकंपात सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत निकामी झाली. देश १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. पुस्तक निघाले तरी दुरुस्ती व्हावयाचीच होती. नवी इमारत खुली झाली ती २०१४ साली.

हा रोष आता कालबाह्य झाला, असेही म्हणता येत नाही. शेजारच्या बारबुडा बेटावरील भूमी २००७ च्या कायद्याने सामाईक मानली गेली होती. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर सारी वस्ती हलविण्यात आली, आणि त्यानंतर तेथे धनिकांसाठी बंगले व गोल्फचे मैदान यांची योजना आली. नव्या विमानतळाच्या बांधकामास न्यायालयात आव्हान देण्याचा रहिवाशांचा अधिकार प्रिव्ही कौन्सिलने मान्य केला तो २०२४ मध्ये.

मराठी अनुवादकापुढील खरी अडचण निराळीच आहे. संपूर्ण पहिला भाग ‘यू’ला उद्देशून आहे. ‘तू’ म्हटल्यास उरते ती केवळ शिवी. ‘तुम्ही’ म्हटल्यास धार बोथट होते. किंकेड यांचा सूर विनम्र वाटाड्याचा आहे, आणि विष त्या विनयातच आहे. म्हणून ‘आपण’ हेच सर्वनाम योग्य. मूळ पर्यटक गोरा, अमेरिकन वा युरोपीय आहे हे खरे; परंतु ‘आपण’मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही मावतात, आणि सुटीसाठी मालदीव वा मॉरिशस गाठणाऱ्या मराठी वाचकासही त्यातून सहजासहजी बाहेर पडता येणार नाही.