शनिवारची माणसं

गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी आईनं फोनवर विचारलं, "तुम्ही त्या कपाचं डिपॉझिट परत घेता, की कप घरी आणता गं?"

मला काही क्षण कळेचना, मग उलगडलं. इथं जर्मनीत नाताळच्या बाजारात गरम मसालेदार वाइन चिनी मातीच्या कपात देतात. कपाचे काही युरो आधी घेतात, कप परत केला की पैसे परत. आवडला तर कप तुमचा. गावागणिक कप वेगळा, त्यामुळे काही लोक ते जमवतात. पण हे साताऱ्यात बसलेल्या माझ्या आईला कुणी सांगितलं? मी तर नव्हतं सांगितलं.

"अगं, ती पोरगी सांगत होती ना, नवऱ्याबरोबर फिरते ती. तिच्याकडं अकरा कप झालेत."

ती पोरगी कोण, हे मला तोवर माहीत नव्हतं. आई रोज रात्री मालिका संपली की फोनवर परदेशातल्या मराठी जोडप्यांचे व्हिडिओ बघते. कारण मी परदेशात आहे. माझ्याकडं थंडी किती, भाजी कुठली मिळते, दिवस कधी मावळतो, हे तिला दुसऱ्यांच्या लेकी सांगतात. मग फेब्रुवारी संपेपर्यंत मीही ते बघत राहिले. चाळीसेक तरी बघितले असतील, काही दोनदा. हा लेख त्या व्हिडिओंबद्दल आहे. नावं देत नाही. ही माणसांची घरं आहेत, आणि मला बोलायचंय ते सगळ्यांत सारखं असलेल्या गोष्टींबद्दल.

साचा ठरलेला आहे. थंबनेलवर दोघं, तोंडं उघडी, मध्ये मोठ्या अक्षरांत उणे दहा. 'नमस्कार मंडळी'. स्वयंपाकघरात पोहे नाहीतर चहा. मग जाकीट, टोपी, हातमोजे चढवण्याचं दृश्य, ते नेहमी भरभर पळवलेलं. मग ट्रेन, खिडकीतून पांढरी शेतं, बाजार, किल्ला किंवा गोठलेलं तळं. कुठंतरी एकदा कॉफीच्या किमतीला शंभरानं गुणून दचकणं. रात्री घरी परत, वरण-भात, 'आपलं ते आपलं'. पार्श्वभूमीला तेच टुणटुण वाजणारं फुकटचं संगीत.

पण या साच्यामागं काही खरी कारणंही आहेत. ही जोडपी त्याच त्याच गावांना का जातात, याचा मी बराच विचार केला. उत्तर सौंदर्यात नाही, तिकिटात आहे. मे २०२३ पासून जर्मनीत महिन्याचा एकच पास मिळतो. तेव्हा तो ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये ५८ झाला, २०२६ पासून ६३. त्यावर देशभरातल्या ट्राम, बस, लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. नवरा तो पास कामावर जायला घेतोच. मग शनिवारी त्यावर जिथवर जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढा जर्मनी आपला. म्हणून स्टुटगार्टची जोडपी एस्लिंगन, ट्युबिंगन, ऊल्म करतात, आणि म्युनिकची फ्युसेनला उतरून नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायला जातात. मराठी प्रवासवर्णनात हे नवीन आहे आणि मला ते आवडतं. इथं प्रवासी सहा आठवड्यांत युरोप बघून परतणारा पाहुणा नाही. तो पासधारक आहे, त्याला शेवटची गाडी चुकवून चालत नाही.

रविवारी कुणी बाजारहाट करताना दिसत नाही, त्याचंही कारण आहे. रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस, असं १९१९ च्या वायमार संविधानात लिहिलं होतं. ते कलम आजच्या जर्मन संविधानानंही जसंच्या तसं ठेवलंय. दुकानं बंद. त्यामुळे शनिवारी सकाळी किराणा, दुपारी भटकंती, आणि रविवारी पलंगावर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन शनिवारचं एडिटिंग. संविधानानं राखून दिलेल्या विश्रांतीच्या दिवशी आमच्या पोरी सबटायटलं टाकत बसतात.

पोरी म्हणते, कारण बहुतेक वेळा त्याच असतात. हे मला उशिरा दिसलं. फ्रेममध्ये नवरा जास्त वेळ असतो. तो बर्फात घसरतो, वाइन पिऊन तोंड वाकडं करतो, विनोद करतो. तिचा आवाज कॅमेऱ्यामागून येतो. ती सेल्फीपुरती पुढं येते. ती इथं कशी आली, हे पहिल्या एखाद्या जुन्या व्हिडिओत दोन वाक्यांत सांगितलेलं असतं: पुण्यात नोकरी होती, मग याला इथं मिळाली. स्टुटगार्टला अशी जोडपी बरीच आहेत. चाकणला ज्या मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे तिचं मुख्य ऑफिस या शहरात आहे. ब्लू कार्डवर आलेल्याच्या बायकोला इथं काम करायची परवानगी लगेच मिळते. कागदावर काहीच अडत नाही. फक्त मुलाखत जर्मनमध्ये होते. मी स्वतः बी-१ च्या वर्गात बसते, त्यामुळे हे वाक्य किती लांबीचं आहे ते मला ठाऊक आहे.

म्हणजे कॅमेरा धरणं हे तिचं काम आहे. बऱ्याच घरांत या देशातलं तिचं पहिलं काम. आणि व्हिडिओत नेमकं तेच दिसत नाही.

मराठीला हे तसं जुनंच आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) प्रवास दोघांचा आहे, लेखणी एकाच्या हातात. सुनीताबाई त्या पानांत आहेत, पण त्यांना पु. लं.नी पाहिलंय तशा. त्यांच्या स्वतःच्या शब्दांतलं सहजीवन आपल्याला 'आहे मनोहर तरी' मध्ये मिळालं, तेही १९९० साली. तीस वर्षांनी. मला 'अपूर्वाई' अजूनही आवडते, ती तक्रार नाही. पण या नव्या व्हिडिओंत लेखणी, म्हणजे फोन, बाईच्या हातात आली आहे, आणि तरी ती नवऱ्याचंच 'अपूर्वाई' काढते आहे, याचं मला वाईट वाटतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र वेगळं आहे. या व्हिडिओंत मंगळवार नसतो.

डिसेंबरातला इथला मंगळवार असा असतो. आठ वाजून गेले तरी उजाडत नाही, साडेचारला अंधारतं. स्टुटगार्ट डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलंय. शहरात बर्फ पडला तरी फार टिकत नाही, चिखल होतो. पांढरं जग बघायला शनिवारी गाडीनं वर जावं लागतं. इतर दिवस राखाडी. घरात कपडे आत वाळत घालायचे, तर भिंतीला बुरशी धरते. त्यात आपला कुकर, आपली फोडणी. म्हणून घरमालकाच्या सांगण्याप्रमाणे दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. हीटरनं मुश्किलीनं आणलेली ऊब पाच मिनिटांत बाहेर. त्या हीटरचा हिशोब वर्षाअखेरी येतो, आणि २०२२ मध्ये गॅस कडाडल्यापासून त्या पाकिटाची धास्ती वाटते. दिवसभर ती एकटी. यातलं काहीही थंबनेलवर येत नाही.

तुम्ही म्हणाल, बुरशी कोण बघणार? माझी आई बघेल. तिनं मला अलीकडं दोनदा विचारलंय, "तुम्ही का नाही गं जात कुठं?" तिच्या हिशोबात परदेशातल्या आठवड्याला सात शनिवार असतात, आणि आम्ही दोघं तेवढी आळशी.

याला घड्याळही जबाबदार आहे. उन्हाळ्यात आमच्यात आणि साताऱ्यात साडेतीन तासांचं अंतर असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं जातात आणि ते साडेचार होतं. वर्ग आणि किराणा उरकून सहाला घरी आले तर तिकडं साडेदहा, आई झोपलेली. उन्हाळ्यात याच वेळी ती जागी असते. हिवाळ्यात तो एक तास जातो आणि त्याबरोबर 'आज काय केलंस' हा प्रश्न जातो. बोलणं शनिवार-रविवारवर ढकललं जातं. म्हणजे व्हिडिओ करणाऱ्यांनीच मंगळवार गाळला असं नाही. मीही गाळलाय.

आपल्या जुन्या पत्रांत वरती मायना असायचा, मग 'इकडील सर्व क्षेम'. ते वाक्य खरं असो-नसो, लिहायचंच. पण त्याखाली जागा असायची, आणि त्या जागेत हळूच पैशाचं, दुखण्याचं, जावेचं यायचं. हे व्हिडिओ म्हणजे नुसता क्षेमकुशलाचा भाग आहे, वीस मिनिटं ताणलेला. खालची जागाच नाही.

तरीही मी बघत राहिले ती भाषेसाठी. बर्फाला मराठीत शब्द कमी. फ्रिजमधला तोही बर्फ, आभाळातून पडणारा तोही बर्फ. पुस्तकी 'हिम' तोंडात बसत नाही. इथं मात्र रोज वेगळं काहीतरी पडत असतं, आणि ज्यांना खरंच बघता येतं त्यांना शब्द शोधावे लागतात. एकीनं बारीक, गोल, उडणाऱ्या दाण्यांना 'साबुदाणा पडतोय' म्हटलं. मी रिवाइंड करून परत ऐकलं. दुसरीनं रात्रीत गोठून दुसऱ्या दिवशी पायाखाली करकरणाऱ्या बर्फाला 'रवाळ झालाय' म्हटलं. फुटपाथवर दिसत नाही आणि माणूस आडवा करतो त्या पातळ थराला एक नवरा म्हणाला, "काच आहे, काच, बघून." भाषा अशी वाढते, स्वयंपाकघरातून डबा काढून. याच्या उलट 'वॉव गाईज' म्हणणारे दहा व्हिडिओ मी अर्ध्यात सोडले. त्यांना बर्फ दिसला, पण पडलेला दिसला नाही.

आणि एक व्हिडिओ मला फार चांगला वाटला. एकोणीस मिनिटांचा. दोघं किल्ला बघायला निघालेत, आणि एका लहानशा जंक्शनवर त्यांची पुढची गाडी चुकते. पुढची तासाभरानं. प्रतीक्षागृहाला कुलूप. ती फोन बाकावर टेकवून ठेवते, बंद करायला विसरली असावी किंवा मुद्दाम. "मी म्हटलं होतं" एवढंच म्हणते. मग जवळजवळ दीड मिनिट कुणीच बोलत नाही. दीड मिनिट! जिथं तीन सेकंदांवर कट मारतात तिथं. फक्त चेनचा आवाज, गळ्यापर्यंत ओढलेली. मग तो पिशवीतून फॉइल काढतो, मेथीचा पराठा तिच्याकडं न बघता पुढं करतो. ती अर्धा तोडते आणि उरलेला परत त्याच्या हातात ठेवते. तेवढ्यात स्पीकरवर घोषणा होते. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

"काय म्हणाली?"

"दहा मिनिटं लेट."

"दहा की वीस?"

त्याला माहीत नाही. तो म्हणतो, "दहा," आणि ती हसते, कारण तिला कळलंय की त्याला माहीत नाही.

लग्न, परकी भाषा, थंडी, भूक, सगळं त्या बाकावर आहे. ते किल्ल्यापर्यंत पोचतच नाहीत. शेवटी ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणते, "किल्ला तुम्ही गूगलवर बघा." याच जोडप्याच्या पुढच्या व्हिडिओत परत उणे आठ, परत उघडी तोंडं, परत टुणटुण. मला राग आला नाही. त्यांनाही पुढचा आठवडा काढायचा असतो. पण ज्या हाताला ते दीड मिनिट ठेवायचं सुचलं, त्यानं पुढच्या वेळी ते का कापलं असेल, याची चुटपुट लागून राहिली.

आईला मी त्याची लिंक पाठवली. ती म्हणाली, "यात काहीच नाही गं." मग थोडं थांबून, "पराठा चांगला मऊ दिसत होता."

फेब्रुवारीत आमची केअरवोखे आली. म्हणजे झाडण्याचा आठवडा. इकडच्या श्वाबेन भागातली जुनी रीत आहे. इमारतीतल्या घरांच्या दारावर पाळीपाळीनं एक पाटी अडकवली जाते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. बर्फ पडला तर सकाळी सातपर्यंत वाट मोकळी करायची. मंगळवार होता. रात्री पडला होता, भिजका, जड. नवरा कामावर निघाला होता. मी फोन खिडकीच्या कठड्यावर उभा करून खाली गेले आणि वीस मिनिटं फावड्यानं बर्फ बाजूला सारला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कुत्र्याला घेऊन आल्या, त्यांनी 'कोपऱ्यात राहिलाय' म्हणून बोट दाखवलं. मी कोपरा काढला. काही कापलं नाही, संगीत टाकलं नाही, आईला पाठवून दिला.

साडेअकराला तिचा फोन आला, तिकडं चार वाजले होते. सगळा बघितला होता.

"हातमोजे ओले झाले असतील की," ती म्हणाली. "वाळतात का लवकर तिकडं?"

मी म्हटलं, नाही वाळत. मग बुरशीचं सांगितलं.