‘किमान छेद’ : एका संज्ञेची परीक्षा

कर्करोगेतर विकारांसाठी गर्भाशय काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करणाऱ्या वैद्यकीय वाङ्मयात ‘किमान छेद’ ही संज्ञा वारंवार योजिली जाते. वरवर ती केवळ वर्णनपर भासते. प्रत्यक्षात ती निर्णयच सुचविते. म्हणून तिची परीक्षा अवश्य होय.

प्रमुख मार्ग चार : उदरछेद, योनिमार्ग, दुर्बीण आणि यंत्रमानवाचे साहाय्य. दुर्बिणीच्या साह्याने ही शस्त्रक्रिया प्रथम हॅरी राइख यांनी अमेरिकेत १९८८ साली केली. योनिमार्ग त्याहून कितीतरी जुना, आणि त्यात पोटावर एकही छेद घ्यावा लागत नाही. शब्दार्थ प्रमाण मानल्यास अग्रमान त्यालाच मिळावयास हवा. परंतु व्यवहारात ही संज्ञा मुख्यतः दुर्बीण आणि यंत्र यांनाच चिकटली आहे. ‘अल्प छेद’ या अर्थाची जागा ‘नवे उपकरण’ या अर्थाने घेतली, हा अर्थसंकोचाचा नमुनाच म्हणावा लागेल.

पुरावा मात्र संज्ञेमागे जात नाही. ४७ चाचण्या आणि ५,१०२ स्त्रिया यांचा परामर्श घेणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने, शक्य तेथे योनिमार्गच पत्करावा, असा निष्कर्ष काढला. तो शक्य नसल्यास उदरछेदापेक्षा दुर्बीण लवकर पूर्ववत करते. पण तीत वेळ अधिक लागतो व मूत्रमार्गास इजाही अधिक होतात. अमेरिकेत यंत्रमानवाचा वापर २००७ मधील ०.५ टक्क्यावरून २०१० मध्ये ९.५ टक्क्यांवर गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात गुंतागुंतीचे प्रमाण दुर्बिणीइतकेच आढळले; खर्च मात्र दर शस्त्रक्रियेमागे २,१८९ डॉलरांनी अधिक होता.

योनिमार्ग सर्वत्र शक्य नसतो, हे खरे. गर्भाशयाचा आकार, पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे चिकटलेली इंद्रिये आणि शल्यविशारदाचा सराव यांवर निवड अवलंबून राहते. तथापि या तुलनेची खरी उणीव अन्यत्र आहे. शस्त्रक्रिया आवश्यकच आहे, हे ती गृहीत धरून चालते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे सहांत सुमारे एक. ‘पिशवी काढली’ या लोकभाषेतील प्रयोगात मार्गही सांगितला जात नाही आणि कारणही. शास्त्रीय परिभाषा मार्ग सांगते. कारणाविषयी तीही मौनच पाळते. छेद किती लहान, या प्रश्नाआधी छेद हवाच कशाला, हा प्रश्न जी तुलना विचारीत नाही, ती कितीही काटेकोर असली तरी अपुरीच होय.