पाऊस कोणावर पडतो? : मराठीतील पावसाळी भटकंती-लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मृग नक्षत्र लागले की पुण्यातून सह्याद्रीकडे जाणाऱ्या वाटा गजबजू लागतात. राजमाची, लोहगड, भीमाशंकर, ताम्हिणी, अंधारबन ही नावे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, मासिकांत आणि महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत पुन्हा पुन्हा दिसू लागतात. पाठीवर सॅक, दोन दिवसांचा शिधा आणि अंगावर रेनकोट अशा तयारीने घाटमाथ्यावरच्या रानात केलेली पायपीट हा आता मराठीतील ललित लेखनाचा एक स्थिर विषय झाला आहे. वाचकप्रियता लाभलेल्या या लेखनप्रकाराची समीक्षेने मात्र फारशी दखल घेतलेली नाही. ते एकतर प्रवासवर्णनाचे उपांग मानले गेले किंवा हौशी लेखन म्हणून बाजूला ठेवले गेले.

प्रस्तुत लेखात या लेखनातील पावसाच्या चित्रणाचा विचार केला आहे. या लेखनात पाऊस भरपूर दिसतो, परंतु तो कोणावर पडतो हे क्वचितच दिसते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. ही उणीव केवळ आशयाची नाही. तिच्यामुळे या लेखनाची भाषाही सैल झाली आहे. पूर्वसूरींच्या काही कृतींशी तुलना केली असता हे स्पष्ट होते.

थांबण्याचा ऋतू आणि चालण्याचा ऋतू

आपल्या परंपरेत पावसाळा हा मुळात थांबण्याचा ऋतू होता. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूने चढणाऱ्या वाटेवर, कोंढाणे येथे बौद्ध लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहून काढावेत, असा वर्षावासाचा नियम होता. हिंदू आणि जैन परंपरेतील चातुर्मासही संन्याशाला या काळात स्थिर राहावयास सांगतो. पावसाळ्यात लष्करी मोहिमा थंडावत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई. म्हणजे धर्म, युद्ध आणि व्यापार या तिन्ही क्षेत्रांत आषाढ-श्रावण हा विरामाचा काळ होता.

या नियमाचे दोन अपवाद मराठी मनात खोल रुजलेले आहेत. पहिला अपवाद पंढरीच्या वारीचा. दुसरा जुलै १६६० मधील पन्हाळा ते विशाळगड या रात्रीच्या प्रवासाचा. या दोन्ही ठिकाणी पावसात चालण्याला चालण्याबाहेरचे प्रयोजन आहे. पावनखिंडीच्या कथेतील पाऊस देखावा म्हणून येत नाही. तो अंधार दाट करतो, पाऊलवाट निसरडी करतो, पळणाऱ्याला लपवतो आणि त्याला दमवतोही. त्या कथेतून पाऊस काढून टाकला तर घटनाच बदलेल. कथनातील पावसाची ही कार्यकारी भूमिका येथे लक्षात ठेवावयाची आहे.

पावसात केवळ आनंदासाठी डोंगरात जाणे ही त्यामानाने अर्वाचीन गोष्ट आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि घाटमाथा शहरवासीयांच्या आवाक्यात आला. पुढे विसाव्या शतकात गिर्यारोहण संस्था, महाविद्यालयीन पदभ्रमण मंडळे आणि साप्ताहिक सुटी यांनी या छंदाला सार्वत्रिक रूप दिले. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर अवघ्या पासष्ट किलोमीटरांवरील लोणावळ्यात तो ४००० मिलिमीटरहून अधिक असतो. बेताच्या पावसाच्या शहरातून धो-धो पावसाच्या प्रदेशात गेलेल्या माणसाला पाऊस हा चमत्कार वाटणे स्वाभाविक आहे. भटकंती-लेखनाचा उगम या विस्मयात आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे.

लेखनाचा ठरलेला साचा

या प्रकारचे लेख सलग वाचले असता एक साचा स्पष्ट दिसतो. शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे प्रस्थान, गाडीतील गप्पा, पायथ्याचे गाव, धुक्यात हरवलेली वाट, ओढा ओलांडताना उडालेली तारांबळ, माथ्यावर क्षणभर बाजूला झालेले ढग, वाडीतील एखाद्या घरी गरम पिठले-भाकरी आणि परतीच्या वाटेवरील हुरहुर. शब्दकळाही ठरलेली असते. हिरवा शालू, दुधाळ धबधबे, चिंब मन, स्वर्गीय अनुभूती या शब्दांवाचून लेख पुरा होत नाही.

साचा असणे हा स्वतः दोष नव्हे. ओवी-अभंगांनाही साचा असतो. प्रश्न असा आहे, की या साच्यात कोणता तपशील शिरू शकत नाही? उदाहरणादाखल पिठले-भाकरीचा प्रसंग पाहावा. ती करणारी स्त्री लेखात 'मावशी' असते, वाट दाखवणारा माणूस 'मामा' असतो. नात्याच्या या संबोधनांत आपुलकी निश्चितच आहे. परंतु बहुतेक लेखांत या माणसांना त्यापलीकडे नाव नसते, आडनाव नसते आणि त्या दिवसाचे स्वतःचे काम तर नसतेच. आपुलकीचे संबोधन अशा वेळी अनोळखीपण झाकण्याचे साधन बनते.

वास्तविक ज्या आठवड्यात शहरातून सर्वाधिक पाहुणे येतात, त्याच आठवड्यांत मावळात भाताची लावणी चालू असते. त्याआधी उन्हाळ्यात राब भाजलेला असतो. पालापाचोळा, डहाळ्या आणि शेण पसरून रोपांची जागा भाजण्याचे हे काम वळीव कोसळण्यापूर्वी उरकावे लागते. पुढे पेरणी, मग आवण उपटणे, चिखलणी आणि लावणी. यांतील प्रत्येक कामाची वेळ पाऊस ठरवतो. म्हणजे लेखातील मावशी पहाटे भाकऱ्या थापते आणि नंतर दिवसभर चिखलात वाकून उभी राहते. यातील पहिले काम लेखात येते, दुसरे येत नाही. खाचराचा उल्लेख आलाच तर पाचूच्या रंगाच्या चौकोनासारखा येतो.

येथे इरल्याचे उदाहरण उद्बोधक ठरेल. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले डोक्यावरून पाठीवर उतरते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. ते वाकून काम करणाऱ्या माणसासाठी घडवलेले असते. भटक्याचा रेनकोट ताठ चालणाऱ्या माणसासाठी असतो. आता इरल्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, परंतु पाठ वाकलेलीच आहे. एकाच सरीखालची ही दोन शरीरे एका लेखात क्वचितच एकत्र येतात.

पूर्वसूरींकडून काय घेतले, काय सोडले

हे लेखन आपली वंशावळ दुर्गा भागवत आणि गो. नी. दांडेकर यांच्याशी जोडते. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. महिन्यागणिक निसर्गाचे रूप टिपणाऱ्या या लेखांचे खरे बळ निरीक्षणाच्या नेमकेपणात आहे. कोणते झाड केव्हा पालवते, फुलाच्या रंगात कोणती छटा मिसळलेली असते, हे त्या पारखून सांगतात. त्यांचे विशेषण निरीक्षणातून आलेले असते. नंतरच्या भटकंती-लेखनाने विशेषणे उचलली आणि निरीक्षण सोडले. त्यामुळे 'हिरवेगार' हा एकच शब्द कारवीला, भाताच्या रोपाला आणि शेवाळलेल्या कातळाला सारखाच लावला जातो. यांपैकी कारवीच्या दांड्यांचा उपयोग कुडाच्या भिंतीसाठी होतो, भाताच्या रोपावर वर्षाचे अन्न अवलंबून असते आणि शेवाळलेल्या कातळावर पाय घसरतो. तिन्ही हिरव्यांतील हा फरक डोंगरात राहणाऱ्याला जगण्याइतकाच महत्त्वाचा असतो.

गोनीदांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. 'दुर्गभ्रमणगाथा'मधून त्यांनी मराठी तरुणांना गडांचे वेड लावले. परंतु त्यांच्या कादंबऱ्यांनी डोंगराकडे डोंगरातील माणसाच्या बाजूने पाहिले. 'पवनाकाठचा धोंडी' मावळातील माणसाच्या भाषेत आणि त्याच्या मानापमानाच्या कल्पनांत उतरते. 'माचीवरला बुधा' या कादंबरीतील वृद्ध नायक मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परततो. ज्या माचीवर आजचा भटका एक रात्र काढतो, तेथे बुधाला ऋतू जगून काढावयाचे असतात. मुक्काम आणि वास्तव्य यांतील फरक मराठीत इतक्या साधेपणाने फार थोड्या कृतींनी दाखवला आहे.

तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. बुधाचे एकाकीपण कादंबरीत इतके निर्मळ होते, की माची हे जणू तपोवन भासू लागते. झाडे, पाखरे आणि जनावरे यांच्याशी असलेले त्याचे नाते ठसठशीत आहे, परंतु वाडीतील समाज, शेतीतील परस्परावलंबन आणि आजारपणातील वाटेचा प्रश्न हे मागे सरतात. भटकंती-लेखनाने गोनीदांकडून नेमकी हीच बाजू उचलली. निर्जन आणि पवित्र सह्याद्री त्याने स्वीकारला. बुधाने भोगलेले ऋतू मात्र मागेच राहिले.

चालण्याच्या लेखनात सोबतची माणसे कशी येऊ शकतात, याचा वस्तुपाठ इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात मिळतो. 'परिपूर्ती' या संग्रहातील हा लेख वारीच्या वाटेवरचा आहे. इरावतीबाई वारीत रमतात, परंतु एकाच वाटेने चालणाऱ्या दिंड्यांमधील जातीची फारकत त्यांच्या नजरेतून सुटत नाही आणि ती त्यांना अस्वस्थ करते. आनंद आणि अस्वस्थता एकाच लेखात नांदू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले आहे. त्यामुळे भटकंतीचा लेख हलकाफुलकाच असावा, हा दावा टिकत नाही.

माळीण आणि इर्शाळवाडीनंतर

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. इर्शाळगड हे भटक्यांचे आवडते ठिकाण आहे आणि वाडी गडाच्या वाटेवरच होती. म्हणजे शासनाच्या यादीत नसलेली ही वाडी भटक्यांना ठाऊक होती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने मदतही पायवाटेनेच चढली आणि तीत स्थानिक गिर्यारोहकांचा सहभाग होता. भटकंतीतून आलेले वाटेचे ज्ञान त्या दिवशी उपयोगी पडले. हे श्रेय भटकंतीच्या संस्कृतीला दिलेच पाहिजे.

परंतु याच घटनेने त्या संस्कृतीच्या लेखनासमोर एक कठीण प्रश्न उभा केला आहे. उतारावरून येणारे पाणी कोठून वाहते, कोणत्या घरामागे माती सुटली आहे, लोकांना रात्री कशाची भीती वाटते, हे वर्षानुवर्षे तेथून जाणाऱ्या लेखणीने कधी विचारले होते काय? विचारले असते तर दुर्घटना टळली असती, असा दावा कोणी करू नये. दरडी लेखांनी थांबत नाहीत. परंतु पाहण्याची सवय लेखांनी घडते आणि ती सवय पाणी दिसले की धबधबा म्हणण्याची आहे.

प्रशासनाची भाषाही या बाबतीत पुरेशी नाही. अतिवृष्टीचा इशारा मिळाला की ठिकाणे 'पर्यटकांसाठी बंद' केली जातात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यावर पुणे जिल्ह्यात असे निर्बंध लागू झाले. निर्बंध योग्यच होते. परंतु बंद झालेल्या ठिकाणी जे राहतात त्यांच्यासाठी डोंगर बंद होत नाही. देखावा आणि धोका अशा दोन परिभाषा आपल्यापाशी आहेत. राहणाऱ्याची परिभाषा या दोन्हींत बसत नाही आणि ती घडवणे हे साहित्याचेच काम आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

सुटीच्या दिवसाच्या लेखनावर समाजशास्त्राचे ओझे का लादावे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. उपदेश करणारा भटकंतीचा लेख साचेबद्ध लेखापेक्षाही कंटाळवाणा होईल. येथे अपेक्षा आहे ती केवळ नेमकेपणाची. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'सारख्या मार्गदर्शक पुस्तकाचा भर वाटांच्या माहितीवर असतो. ललित लेखकाने याच शिस्तीने पावसाकडे पाहावे, एवढेच म्हणणे आहे. सरीनंतर ओढा किती वेळात चढला, सॅक भिजून जड झाल्यावर कोणता बेत रद्द करावा लागला, वाट का सोडावी लागली, ज्या घरी जेवलो तेथे त्या दिवशी कोणते काम अडले होते, हे तपशील लेखाला जड करत नाहीत. पावनखिंडीच्या कथेतील पावसाप्रमाणे ते पावसाला पुन्हा कार्यकारी बनवतात. माघार घेतल्याची प्रांजळ हकीकत तर या लेखनात जवळजवळ आढळतच नाही. सारे लेख माथ्यावर पोचतात.

समारोप

पावसाळी भटकंती-लेखनाने मराठी वाचकाला सह्याद्रीची ओढ लावली, हे त्याचे ऋण मान्य करावे लागेल. मात्र त्याची पावसाची कल्पना पाहुण्याची आहे. दुर्गाबाईंचा नेमकेपणा, गोनीदांच्या नायकाचे वास्तव्य आणि इरावतीबाईंची अस्वस्थता हे तिन्ही वारसे मराठीत उपलब्ध असताना या लेखनाने त्यांतील सर्वांत सोपा भाग निवडला.

महाविद्यालयांतून दर पावसाळ्यात सहली निघतात आणि त्यांचे वृत्तान्त आपणच विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो, तपासतो आणि छापतो. हा साचा टिकवण्यात आपला वाटा आहे आणि तो बदलण्याची संधीही आपल्याच हाती आहे. वृत्तान्त लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दोन साधे प्रश्न विचारता येतील. ज्या घरी जेवलात त्या घरातील बाईंचे नाव काय? आणि तुम्ही निघालात तेव्हा त्या कोठे निघाल्या होत्या? या प्रश्नांची उत्तरे ज्या लेखात असतील, त्या लेखातील पाऊस निराळा असेल.