सुया, गाठी आणि पुरावा

महाराष्ट्राचा ॲक्युपंक्चर कायदा २०१५ चा. केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली. म्हणजे गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी सुयांनी विरघळतात हे सिद्ध झाले काय? मुळीच नाही. उपचार कोणी करावा हे कायदा ठरवतो. त्याचा गुण चाचणीनेच कळतो. २०१० साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी जगभरच्या चाचण्या धुंडाळल्या, तेव्हा निकषांत बसणारी एकही सापडली नाही.

‘पण अमक्या बाईंची गाठ लहान झाली!’ झाली असेल. या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. इस्ट्रोजेनवर पोसतात आणि पाळी थांबल्यावर बऱ्याचदा आपोआप आकसतात. पन्नाशीच्या बाईला सुया टोचल्या, तर श्रेय सुयांचे की वयाचे? तुलनेला सुया न टोचलेला गट हवाच. बी रुजवण्याच्या प्रयोगात आपण पाणी न घातलेली कुंडी ठेवतो, तसा.

आष्टी-कारंज्याहून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापर्यंत येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून गावातच सुया घेत थांबावेसे वाटते. पण अंगावरून जास्त जात असेल, तर तेवढ्या महिन्यांत हिमोग्लोबिन घसरत राहते. दुखणे सुसह्य व्हावे म्हणून निर्जंतुक सुयांचा जोडउपचार कोणी घेतला, तर आमची हरकत नाही. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मात्र आधी.