कोतवाल आणि भिंत

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याच्याविषयीचा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : नाना फडणविसांवर नाटककाराने अन्याय केला की नाही? हा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु त्या गदारोळात नाटकाने विचारलेला दुसरा प्रश्न ऐकू येईनासा झाला. कोतवालाला कोतवालपण देतो कोण?

वरवर उत्तर सोपे आहे. नाना त्याला पद देतात आणि मोबदल्यात त्याची लेक घेतात. पण वरून मिळालेल्या एका हुकुमाने सबंध शहर धाकात राहते काय? इतिहासातला कोतवाल बाजारभाव पाही, आल्यागेल्याची नोंद ठेवी. त्याचा संबंध दरबारापेक्षा लोकांच्या उंबरठ्याशी अधिक. नाटकातही राज्यसत्ता सामान्य माणसाला भेटते ती ‘परवाना आहे का?’ या प्रश्नातून.

म्हणूनच यातली माणसांची भिंत मला फार अर्थपूर्ण वाटते. ओळीने उभे राहून गाणारे ब्राह्मण पाठ फिरवतात की भिंत होते, तोंड वळवतात की पुणेकर होतात. परक्या घाशीरामावर चोरीचा आळ येऊन त्याला मार बसतो, तेव्हा हेच बघे असतात. पुढे त्याचा जाच सोसतात तेही हेच. कोठडीत कोंडलेल्यांचे प्राण जातात तेव्हा कोठे ही भिंत ओरडू लागते. मग नाना कोतवालाचा बळी देतात आणि उत्सव जाहीर करतात. नेमणारा राहतो, भिंतही राहते.

एक उणीव मात्र जाणवते. या भिंतीतला एकही माणूस ठसठशीतपणे वेगळा दिसत नाही; गौरीला तर स्वतःचा आवाजच नाही. खऱ्या गावात कोतवालाशी घासाघीस करणारे, त्याला चुकवणारे, प्रसंगी त्याच्यापुढे अडून बसणारेही असतात. सत्ता त्यांच्याशीच रोज तडजोड करीत असते. नाटकाने त्यांना जागा दिली असती, तर आपल्याला त्यातून अधिक शिकता आले असते.

तरी नाटकाचे म्हणणे खोटे ठरत नाही. १९७३ च्या आरंभी, १९ प्रयोगांनंतर, ते थांबले, ते पोलिसांच्या हुकुमाने नव्हे. ज्या संस्थेने ते रंगभूमीवर आणले, तिच्या धुरिणांनीच ते थांबवले. कोतवाल आला नव्हता. परवाना घरातूनच नाकारला गेला.