टोपणनावाची निवड : भवभूती ते दया पवार

प्रस्तावना

मनुष्याचे पहिले नाव त्याला इतरांकडून मिळते. जन्मनाव आईवडील ठेवतात, मधले नाव पित्याचे असते आणि आडनाव कुळाकडून, गावाकडून किंवा व्यवसायाकडून येते. या तिन्हींत व्यक्तीच्या निवडीला वाव नसतो. टोपणनावाचे तसे नाही. ते जाणत्या वयात, विशिष्ट समुदायात वावरण्यासाठी आणि विशिष्ट कामासाठी धारण केले जाते. कवी, नट, गायक यांच्याप्रमाणेच एखाद्या छंदाच्या निमित्ताने एकत्र आलेली हौशी मंडळीही अशी नावे घेतात. लाकूडकामाचा छंद असणारा शिक्षक किंवा कारकून आपल्या छंदमित्रांत सागाचे, रंध्याचे किंवा पटाशीचे नाव लावून वावरतो, तेव्हा त्याची कृती तत्त्वतः कवीच्या कृतीहून वेगळी नसते.

मराठीत टोपणनावांचा विचार बहुधा कोशाच्या अंगाने होतो. कोणते नाव कोणाचे, एवढी नोंद झाली की विषय संपतो. टोपणनाव म्हणजे मुखवटा, अशीही एक रूढ समजूत आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. त्यासाठी गोंदिया जिल्ह्याच्या भूमीशी जोडला गेलेला नाटककार भवभूती, मराठी संतांची नाममुद्रा, आधुनिक मराठी कवींची टोपणनावे आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ यांचा क्रमाने विचार केला आहे.

भवभूती : नाव कोणते आणि बिरुद कोणते?

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत स्वतःची माहिती दिली आहे. दक्षिणापथातील पद्मपूर हे त्याच्या घराण्याचे गाव. आजोबा भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जतुकर्णी आणि गोत्र काश्यप. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. तत्कालीन दुर्ग जिल्ह्यात सापडलेल्या वाकाटकांच्या अपूर्ण ताम्रपटातही पद्मपुराचा उल्लेख आहे. स्थाननिश्चितीविषयी विद्वानांत मतभेद झाले असले, तरी मिराशींच्या मताला विदर्भात व्यापक मान्यता मिळाली. आमगाव हे तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आल्यापासून ते या जिल्ह्यात आहे. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे.

येथे महत्त्वाचा प्रश्न असा की, हे नाव त्याचे जन्मनाव होते काय? नाटककार स्वतःचा परिचय करून देताना दोन नावे सांगतो. आपण ‘श्रीकंठ’ या पदाने अंकित आहोत आणि आपले नाव भवभूती आहे, असा त्याच्या विधानाचा सरळ अर्थ होतो. या अर्थाने पाहिल्यास भवभूती हे नाव आणि श्रीकंठ ही पदवी ठरते. टीकाकारांच्या परंपरेत मात्र उलट मत आढळते. पित्याने ठेवलेले नाव श्रीकंठ. पुढे शिवपार्वतीच्या स्तुतिपर श्लोकात ‘भवभूती’ हा शब्द त्याने असा योजला की रसिकांनी तोच शब्द त्याला नाव म्हणून दिला, असे ही परंपरा सांगते. हा श्लोक कोणता, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. एकाच नावाच्या उगमासाठी दोन भिन्न श्लोक सांगितले जातात. त्यामुळे ही कथा नावाच्या प्रसिद्धीनंतर रचली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

तथापि, वाङ्मयीन दृष्टीने दोन्ही पक्षांतून एक समान गोष्ट हाती येते. नीलकंठ, श्रीकंठ आणि भवभूती ही तिन्ही नावे शिववाचक अथवा शिवसंबद्ध आहेत. ‘भव’ म्हणजे शिव आणि ‘भूती’ म्हणजे भस्म किंवा वैभव. नवे नाव जुन्या नावापासून तुटलेले नाही. पित्याच्या नावातील अर्थपरंपरेतच ते उभे आहे. मात्र त्यातील भस्म आणि वैभव हा दुहेरी अर्थ घराण्याकडून आलेला नसून कवीच्या शब्दसामर्थ्यातून आलेला आहे. ‘उत्तररामचरिता’त राज्यवैभवाच्या मध्यभागी जळणारा राम रंगविणाऱ्या कवीला हे नाव शोभावे, यात नवल नाही. अर्थात नावावरून नाटकाचा अर्थ लावणे हा अतिरेक ठरेल. नाव आणि कृती यांत विसंगती नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

नाव रूढ कोण करतो, या प्रश्नाचेही उत्तर भवभूतीच्या उदाहरणात मिळते. वाक्पतिराजाने ‘गउडवहो’ या महाराष्ट्री प्राकृतातील काव्यात त्याचा गौरव भवभूती म्हणूनच केला. बाराव्या शतकात कल्हणाने ‘राजतरंगिणी’त यशोवर्म्याच्या सभेतील कवी म्हणून हेच नाव नोंदविले. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने स्वतःला ज्या कविपरंपरेचा वारस म्हटले, तीतही हेच नाव आहे. श्रीकंठ हे नाव प्रस्तावनांपुरते आणि टीकांपुरते उरले. समानधर्मी कवींनी जे नाव उच्चारले तेच टिकले.

‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेतील त्याचा प्रसिद्ध उद्गार याच संदर्भात वाचला पाहिजे. आपली अवहेलना करणाऱ्यांसाठी हा प्रयत्न नाही. काळ अमर्याद आहे, पृथ्वी विशाल आहे, आपला समानधर्मा कधीतरी, कोठेतरी जन्मेल, असा त्याचा आशय आहे. या उद्गारात अभिमान आहे, तसेच एकाकीपणही आहे. घेतलेले नाव नेहमी अशा समानधर्म्यांना उद्देशून असते. जन्मनावाने हाक मारणारे लोक आपोआप मिळतात. घेतलेल्या नावाने हाक मारणारे मात्र मिळवावे लागतात.

नाममुद्रा : नाव सामायिक झाल्यावर

मराठी संतकवींनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा योजली. तुकोबांची मुद्रा स्वतःच्या नावाची आहे. एकनाथांच्या मुद्रेत गुरू जनार्दनस्वामी सामावलेले आहेत. ज्ञानदेवांच्या अभंगांतील मुद्रेत पितृत्व रखुमादेवीवराकडे, म्हणजे विठ्ठलाकडे जाते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. या मुद्रांत कवी एकटा नाही. गुरू, दैवत किंवा सहसाधक यांच्याशी असलेले नाते हीच त्याची ओळख आहे.

या प्रथेचा एक परिणाम अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. नामा ही मुद्रा एकाहून अधिक कवींनी वापरली आणि नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा व अन्य नामे यांची रचना मिसळली. पाठचिकित्सकासाठी ही अडचण आहे; संप्रदायाच्या दृष्टीने मात्र नावाची ही सामायिकता भक्तीचेच लक्षण होय. येथे मुखवट्याची कल्पना पूर्णपणे अपुरी पडते, कारण मुद्रेमागे दडण्याचा हेतूच नाही.

आधुनिक मराठी कवी : नात्याची नावे आणि कामाची नावे

आधुनिक मराठी कवितेतील टोपणनावांत नात्याची नावे मोठ्या संख्येने आढळतात. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले, म्हणजे पित्याचा पुत्र हीच ओळख त्यांनी कवी म्हणून घेतली. परंपरेविरुद्ध तुतारी फुंकणाऱ्या कवीने पित्याच्या नावाचा आश्रय घ्यावा, हा विरोधाभास लक्षणीय आहे. राम गणेश गडकरी धाकट्या भावावरून ‘गोविंदाग्रज’ झाले, तर वि. वा. शिरवाडकर बहीण कुसुम हिच्यावरून ‘कुसुमाग्रज’ झाले. यांतील शेवटचे नाव विशेष आहे. शिरवाडकरांचे जन्मनाव गजानन रंगनाथ; दत्तकविधानाने ते विष्णु वामन झाले. ज्याची दोन्ही कागदोपत्री नावे इतरांनी ठरविली, त्याने स्वतः निवडलेले नाव धाकट्या बहिणीच्या नावावर उभे असावे, यातून निवडीचे मोल स्पष्ट होते.

दुसऱ्या प्रकारात नावे कामानुसार विभागलेली दिसतात. गडकरी यांनी नाटकांसाठी स्वतःचे नाव, कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ हे नाव वापरले. प्र. के. अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ (1925) ‘केशवकुमार’ या नावाने आली. त्या नावातच केशवसुतांच्या नावाचे विडंबन ध्वनित होते, आणि पुस्तकही विडंबनांचे आहे. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत ‘आरती प्रभू’ होते, कथा-कादंबरी आणि नाटकांत खानोलकर. या विभागणीमुळे वाचकाच्या अपेक्षेला दिशा मिळते. पृष्ठावरचे नाव पाहूनच वाचक हसण्याची किंवा अंतर्मुख होण्याची तयारी करतो.

तिसरा प्रकार समुदायाने दिलेल्या नावाचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. 1918 मध्ये अकाली मृत्यू आल्यामुळे या नावातील बालपण कायमचे राहिले. दीर्घायुष्य लाभते तर हेच नाव कदाचित ओझे झाले असते. दिलेल्या नावाचा हा धोका आहे. ते एका क्षणाचे कौतुक असते आणि कवीची वाढ त्याला मान्य असतेच असे नाही.

नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ (1958) या चित्रपटाच्या प्रभावातून ‘ग्रेस’ हे नाव घेतले. त्यात नाते नाही, कूळ नाही, प्रदेश नाही. अपरिचित शब्दाने निर्माण केलेले अंतर त्यांच्या कवितेच्या दुर्बोधतेशी जुळणारे होते. मात्र हे नाव टिकले ते ‘संध्याकाळच्या कविता’ (1967) आणि पुढील संग्रहांमुळे. निव्वळ नावाच्या नवलाईवर कोणताही कवी तरत नाही.

आडनाव, बलुते आणि निवडीचा अधिकार

येथपर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली गेली. नाव निवडण्याची मोकळीक सर्वांना समान होती, ही. वस्तुस्थिती तशी नव्हती. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार ही व्यवसायाची नावे जातीची नावे झाली आणि आडनावेही झाली. वाकस व करवत हाती घेणाऱ्या सुताराला कारागीर म्हणून वेगळे नाव घेण्याची सोय नव्हती. त्याचे काम आणि त्याचे बलुते जन्माने ठरलेले होते. लाकूडकाम छंद म्हणून करणारा आजचा हौशी माणूस आवडीने सुतारकीचे नाव घेतो, तेव्हा त्या नावाचे सामाजिक ओझे त्याच्या वाट्याला येत नाही. पिढीजात सुताराला जे चुकविता आले नाही, ते हौशी माणूस हवे तेव्हा घेतो आणि हवे तेव्हा सोडतो. हा भेद समीक्षेने विसरता कामा नये.

मनुस्मृतीने शूद्राचे नाव जुगुप्सा सुचविणारे असावे, असे सांगितले. या पार्श्वभूमीवर दया पवार यांच्या ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनाची मांडणी पाहावी. लेखकाचे मूळ नाव दगडू मारुती पवार. ग्रंथाच्या आरंभी दया पवार आणि दगडू यांची भेट होते आणि पुढील कहाणी दगडू सांगतो. लेखक म्हणून प्रतिष्ठा पावलेले नाव ऐकणाऱ्याच्या जागी बसते. टाकलेले नाव बोलते. ही योजना केवळ निवेदनतंत्र म्हणून पाहणे पुरेसे नाही. नवे नाव घेतल्याने जुन्या नावाने भोगलेले आयुष्य मिटत नाही, ते ऐकून घेण्याची जबाबदारी नव्या नावावर येते, असा नैतिक आशय तीत आहे. टोपणनावाला मुखवटा मानणाऱ्या समजुतीला मराठीत याहून समर्थ उत्तर सापडणे कठीण आहे, कारण येथे लेखक आपल्याच नावामागून दुसरे नाव उघड करतो.

भवभूती आणि दया पवार यांच्यात सुमारे साडेबाराशे वर्षांचे अंतर आहे, आणि सामाजिक स्थानाचे अंतर त्याहून मोठे. भवभूती जुने नाव अभिमानाने सांगू शकला, कारण त्यामागे विद्वान घराणे होते. दगडू हे नाव सांगण्यासाठी वेगळे धैर्य लागले. तरीही दोघांनी जुने नाव कृतीच्या उंबरठ्यावरच नोंदविले, हे साम्य अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

1. टोपणनाव हे मूलतः लपण्याचे साधन नसून, कोणत्या समुदायात आणि कोणत्या कामासाठी आपल्याला ओळखले जावे, याचे निवेदन असते.

2. नाव घेणे व्यक्तीच्या हाती असले, तरी ते रूढ करणे समानधर्मी समुदायाच्या हाती असते. भवभूती हे नाव टिकले आणि श्रीकंठ मागे पडले, याचे कारण हेच.

3. कृतीशी सुसंगत असलेले नाव वाचकाच्या अपेक्षेला दिशा देते. कृतीचे बळ नसलेले नाव केवळ चमत्कृती ठरते.

4. नाव निवडण्याची मोकळीक हा सामाजिक अधिकार आहे. ज्यांच्यावर नावे लादली गेली, त्यांच्या नव्या नावाचे मूल्यमापन हौसेच्या निकषावर करता येणार नाही.

5. जुन्या नावाशी असलेले नाते न तोडता घेतलेले नाव वाङ्मयीन दृष्ट्या अधिक समृद्ध ठरते. पदमपूरच्या परिसरात शिकणाऱ्या व शिकविणाऱ्यांनी भवभूतीकडे केवळ जिल्ह्याचा अभिमान म्हणून न पाहता, या प्रश्नाचा आरंभबिंदू म्हणून पाहिल्यास अध्यापनाला नवे परिमाण लाभेल.